उणे एक सेकंद

यंत्राची सुरी ठोकळ्यावर उतरली, तिने एक गोल वळसा घेतला, पांढरा भुगा उडाला आणि सुरी वर जाऊन गप्प बसली. संगणकाच्या पडद्यावर लाल चौकटीत शब्द आले: यंत्र जोडलेले नाही.

"जोडलेलं नाही म्हणे," आई म्हणाली. "मग आत्ताचा वळसा काय भुताने घेतला?"

माझी आई कृत्रिम पाय बनवते. तिच्या कार्यशाळेत पुढच्या खोलीत माणसं मापाला बसतात. तिथे चालून बघायला दोन समांतर दांडे आणि समोर मोठा आरसा आहे. मागच्या खोलीत प्लास्टर, भट्टी आणि हे कोरायचं यंत्र. पायाची नळी, पाऊल, स्क्रू हे सगळं तयार मिळतं. तयार मिळत नाही ते सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. ती ज्याची त्यालाच बसते. आई प्लास्टरचं माप संगणकात घेते, हाड असेल तिथे जागा सोडते, मांस भार सोसेल तिथे दाब देते, आणि मग यंत्र फोमच्या ठोकळ्यातून तो आकार कोरून काढतं. त्या आकारावर तापलेलं प्लास्टिक ओढलं की सॉकेट तयार.

यंत्र जुनं होतं, पण त्याची काही तक्रार नव्हती. जळला होता तो त्याला जोडलेला संगणक. नवा आणून त्यावर ऑपरेटिंग सिस्टीमची ताजी आवृत्ती मी चढवली होती. भौतिकशास्त्राची पदवी हातात होती, पुढच्या प्रवेशाचं उत्तर यायचं होतं, आणि घरात संगणकाचं काही म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघत. सिस्टीम ओपन सोर्स, म्हणजे जगभरातली माणसं उघड्यावर लिहितात आणि कुणीही वाचावी, बदलावी अशी. कोरणारा प्रोग्राम मात्र बंद डब्यासारखा. यंत्र बनवणारी छोटी कंपनी कधीच मिटली होती, तो लिहिणारे इंजिनिअर हयात नव्हते, आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणाकडेच नव्हता. सिस्टीमची जुनी आवृत्ती नव्या संगणकाला ओळखत नव्हती. संगणकाच्या पोटात खोटा जुना संगणक उभा करूनही पाहिलं, तर सुरी अडखळत कोरायची आणि आकारावर पायऱ्या पडायच्या.

"ताई, तो ठोकळा माझ्याकडे द्या," पुढच्या खोलीतून आवाज आला. "रंधा मारून देतो."

हे सुतारकाका. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. आईने केलेल्या पायावर कितीतरी वर्षं ते चालले, पण मधल्या आजारपणात पाय बारीक झाला, सॉकेट सैल पडलं, घासून कातडी फुटली. आता ती भरत आली होती, पण जुनं सॉकेट घालायला आईची सक्त मनाई होती.

"तुमच्याच पायात घालायचं आहे ते," आई म्हणाली. "मारा रंधा."

"मग नको. माझं काम मला माहीत आहे."

काका हसले खरे, पण बाकावर टेकवलेल्या कुबड्यांकडे त्यांनी जे पाहिलं ते हसण्यासारखं नव्हतं. संगीतशाळेच्या इमारतीत गोल लाकडी जिना बसवायचं काम त्यांनी घेतलं होतं. पायऱ्या कापून तयार होत्या. कठडा वळवायचा होता, आणि ते काम त्यांच्या हाताखालच्या कुणाला जमणारं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत सुरुवात झाली नाही तर शाळा दुसरा सुतार बघणार होती.

"लोकांना वाटतं माझा एक पाय गेलाय," ते मला म्हणाले. "कुबड्या धरल्या की दोन हात पण जातात. सुताराचं राहतं काय मग? तोंड."

"तेवढं पुरतं तुम्हाला," आई म्हणाली. पण आत आल्यावर हळू आवाजात मला म्हणाली, "हाताने कोरेन गं मी. पण अंगठ्याचा सांधा आता साथ देत नाही. पहिल्या फटक्यात बसेल असं छातीठोक सांगता येत नाही. आणि दुसरा फटका त्यांची कातडी सोसणार नाही."

मी कामाला लागले. प्रोग्राम स्वतः यंत्राला हात लावू शकत नाही. प्रत्येक गोष्ट त्याला सिस्टीमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, मागावी लागते: हे यंत्राला पाठव, आता थांब, उत्तर आलं का ते सांग. हे संभाषण ओळीओळीने दाखवणारं एक साधन आहे. ते लावलं आणि सुरी पुन्हा सोडली. पहिल्या वळशानंतर प्रोग्रामने विचारलं होतं: यंत्राच्या उत्तरासाठी उणे एक सेकंद थांब. कर्नल म्हणाला: अशी वेळ नसते, विनंती चुकीची. आणि कसलीही चूक आली की वायर निघाली असं समजायचं, एवढंच त्या प्रोग्रामला शिकवलेलं होतं.

मला हसू फुटलं. उणे एक सेकंद कोण थांबणार?

"म्हणजे कालच ये असं सांगतोय का?" आईने विचारलं.

"आमची सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात," काका म्हणाले.

मग हे इतकी वर्षं चाललं कसं? जुन्या आवृत्त्यांचा मजकूर उघडून पाहिला तर उत्तर साधं होतं. वेळ शून्य किंवा त्याहून जास्त असावी असं कागदोपत्री लिहिलेलं होतं, पण ते तपासत कुणीच नव्हतं. उणे आकडा आला की हिशेब असा काही फिरायचा, की कर्नल उत्तर येईपर्यंत नुसता थांबून राहायचा. त्या इंजिनिअरांनी कधीतरी उणे एक घालून पाहिलं असणार, यंत्र नीट थांबतंय असं दिसलं असणार, आणि ते पुढच्या कामाला लागले असणार.

कुठल्या बदलाने हे बिघडलं ते शोधायची रीत मला फार आवडते. सगळ्या बदलांचा इतिहास उघडा असतो. मधली आवृत्ती घ्यायची, चालते का पाहायचं. चालली तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. पुन्हा मधली. दर वेळी त्या आवृत्तीचा कर्नल बांधून पोटातल्या खोट्या जुन्या संगणकात चढवायचा आणि आईने फेकायला काढलेला एक ठोकळा सुरीखाली ठेवायचा. काही ठोकळ्यांवर नुसतं एक कडं उमटायचं, काहींवर पायऱ्यापायऱ्यांची का होईना, पोटरी उगवायला लागायची. काका बाकावरून निकाल पुकारायचे, "कडं!" किंवा "पोटरी!" असे. शेवटी एकच बदल उरला. मोजक्या ओळींचा.

तो करणाऱ्याने खाली स्वच्छ टीप लिहिली होती: नियमाप्रमाणे उणे वेळ नाकारली पाहिजे, आजवर कर्नल गुपचूप थांबत होता, ही चूक दुरुस्त केली आहे. मी टीप वाचली आणि माझा उत्साह मावळला. त्याचं बरोबर होतं. मीसुद्धा हेच केलं असतं. प्रयोगशाळेत मीटरचा काटा शून्याच्या खाली लटकत असेल तर आम्ही मीटर दुरुस्त करतो, कुणाला त्याची सवय झाली आहे का विचारत बसत नाही.

"मग लिही त्याला," आई म्हणाली.

"काय लिहू? तुम्ही बरोबर वागलात म्हणून आमचं बिघडलं?"

"हो. तसंच लिही."

"आई, ती माणसं फोनपासून जहाजांपर्यंत चालणारी गोष्ट लिहितात. चूक आपल्या प्रोग्रामची आहे. हसतील."

"कुणाची कातडी फुटली की मी काय सांगते त्याला, तुझं हाड चुकीच्या जागी आहे म्हणून?"

"सांगून बघा," काका म्हणाले. "दुसरीकडे जातो मी."

त्या ओळी आमच्यापुरत्या मीही काढू शकले असते, पण त्यांवर आणखी काय टेकलंय ते ठाऊक नव्हतं, आणि मी शिकायला गेल्यावर नव्या आवृत्तीसोबत त्या पुन्हा आल्या असत्या. मी पत्र लिहिलं. ते कर्नल लिहिणाऱ्यांच्या सामायिक ईमेल-चर्चायादीने दारातूनच परत पाठवलं, कारण तिथे नुसती साधी अक्षरं चालतात आणि माझ्या ईमेलखाली विद्यापीठाचं रंगीत चिन्ह होतं. ते उतरवलं आणि पुन्हा पाठवलं. यंत्र काय आहे, काय होतं, कुठल्या बदलापासून होतं, हे लिहिलं. प्रोग्राम चुकीचा आहे हे आम्हाला मान्य आहे, पण तो दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही, एखादी पळवाट असेल तर कृपया सांगा, असं शेवटी जोडलं.

पहिलं उत्तर बदल करणाऱ्याचंच आलं. सभ्य आणि ठाम. नियम स्पष्ट आहे, प्रोग्राम पुरवणाऱ्याकडून दुरुस्ती मागवणं हाच योग्य मार्ग.

"बघ," मी आईला म्हणाले, जणू पैज जिंकली होती.

"पुरवणारा वर गेलाय," आई म्हणाली. "तिथे ईमेल जात असेल तर मागव."

दुसरं उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं. कर्नलच्या प्रत्येक भागाला कुणीतरी राखणारं असतं, आलेला प्रत्येक बदल ते तपासून आत घेतात. या भागाची राखणदार एक बाई होती. तिचं पत्र मला नव्हतं, बदल करणाऱ्याला होतं. मी फक्त ते वाचत होते.

"काल चालत होतं. आपण बदललं. आज चालत नाही. इथे प्रोग्रामची चूक शोधायची जागाच नाही. बदल मागे घ्या. नियम आणि वागणं जुळत नसेल, तर नियम लिहिण्यात आपलं चुकलं. तो सुधारा."

खाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती. "तुमचं काम अडलं याबद्दल माफ करा. आम्ही सुधारणा पाठवतो, जमेल तसं तपासून सांगाल का?"

ती माझी माफी मागत होती. मी खुर्ची मागे सरकवली आणि तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

बदल करणाऱ्याने एकदा हरकत घेतली. त्याची हरकत मलाच सुचली असती, इतकी ती सरळ होती. जगाच्या एका कोपऱ्यातलं एक यंत्र, त्याचा जुनापुराणा प्रोग्राम, लिहिणारी माणसं वारलेली. एवढ्यासाठी हे वेडंवाकडं वागणं आपण कायमचं सांभाळायचं का?

"हो," बाईने लिहिलं. आणि त्याखाली: "हे एक आपल्याला कळलं, कारण यांनी लिहिलं. न लिहिणारी किती आहेत हे कळायला काही मार्ग नाही."

सुधारणेची वाट बघताना मी कर्नलचा मजकूर वाचत बसले. आतापर्यंत मी तो कामापुरता उघडला होता, आता नुसता भटकायला उघडला. जागोजागी लेखकांनी एकमेकांसाठी टिपा सोडल्या होत्या. एका कागद वाचणाऱ्या यंत्राने स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं होतं, म्हणून कर्नलनेही ते चुकीचं नाव लक्षात ठेवलं होतं. एका प्रोग्रामला उत्तर नेमकं अपुरंच लागत होतं, म्हणून त्याच्यापुरतं उत्तर मुद्दाम तोडून दिलं जात होतं. "हे विचित्र आहे, पण कुणीतरी यावर विसंबून आहे." "इथे हात लावू नका." कुणी तरी, कुठे तरी. ज्यांनी या टिपा लिहिल्या त्यांतले काही आता हे काम करत नसतील, ती यंत्रं भंगारात गेली असतील, पण दर नव्या आवृत्तीत त्या अनोळखी माणसांची जागा तशीच राखलेली होती. विज्ञानात एक अपवाद खरा ठरला तर नियम पडतो. इथे अपवाद आला की नियम थोडा सरकून बसत होता, आणि तरी सगळं उभं होतं. मी शिकलेल्या कुठल्याच गोष्टीने मला यासाठी तयार केलं नव्हतं. खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्ता नेहमीसारखाच होता: कुणी फोनवर बोलत होतं, कुणी गाडी मागे घेत होतं. त्या फोनमध्ये, त्या गाडीच्या पडद्यामागे हेच सगळं चाललेलं होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता.

सुधारणा आली ती बदल करणाऱ्यानेच लिहिली होती. मधल्या काळात त्याने मला निराळं पत्र पाठवून सॉकेट म्हणजे काय ते विचारलं होतं, आणि आईने काढलेला फोटो त्याला मी पाठवला होता. त्याने आपल्या ओळी काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी टीप लिहिली होती: "उणे वेळ आली तर उत्तर येईपर्यंत थांबा. कृत्रिम पायांचे साचे कोरणारं एक यंत्र यावर चालतं. नीटनेटकं करायला जाऊ नका." शिवाय एक छोटी चाचणी जोडली होती. ती प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चालणार होती, कर्नलला उणे एक सेकंद थांबायला सांगणार होती, आणि तो थांबला नाही तर ओरडणार होती.

मी कर्नल बांधला. आईने नवा कोरा ठोकळा बसवला. काका कुबड्यांवर दारात येऊन उभे राहिले.

सुरी उतरली. एक वळसा. मग दुसरा. मग कुणीच मोजलं नाही. भुगा खाली पडत राहिला आणि ठोकळ्यातून हळूहळू एक पाय वर आला: नडगीची कड, आतल्या बाजूचा खळगा, खालचा गोल शेवट. सुरी थांबली तेव्हा काका पुढे झाले आणि मान वाकडी करून त्याला सगळीकडून न्याहाळू लागले.

"हा माझाच," ते म्हणाले. "आजवर वरूनच पाहिला होता."

मी उत्तर लिहायला बसले. त्या लोकांची एक पद्धत आहे. प्रत्येक बदलाखाली तो कुणी लिहिला, अडचण कुणी कळवली, कुणी तपासला, हे नावापत्त्यासह लिहितात आणि ते इतिहासात राहतं. "तपासलं" या ओळीत मी माझं नाव टाकत होते.

"काय तपासलंस?" काकांनी विचारलं.

"यंत्र आता पूर्ण कोरतं ते."

"पण यात उभं राहून कुणी बघितलं का?"

"काका, ते त्यांच्या कामात येत नाही. त्यांचं काम सुरी पूर्ण फिरली की संपलं."

"असं कसं? जिना खिळे ठोकले की संपत नाही. कुणीतरी चढून बघायचं असतं. त्या शास्त्रज्ञबाईंना तसं लिही."

"राखणदार आहेत त्या."

"मग तर कळेल त्यांना."

मी ओशाळतच लिहिलं: यंत्र नीट कोरतं. ज्यांच्यासाठी कोरलं त्यांचं म्हणणं आहे की पाय घालून पाहिल्याशिवाय तपासलं म्हणू नये. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. "बरोबर आहे त्यांचं. ही आवृत्ती बाहेर पडायला अजून अवकाश आहे. घालून पाहू द्या, मग कळवा."

आईने भट्टी पेटवली, प्लास्टिक ओढलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. सॉकेट नळीला आणि पावलाला जोडून तिने काकांना समांतर दांड्यांमध्ये उभं केलं. ती खाली बसून दोन्ही हातांनी कडा चाचपत होती. "दुखतंय?" "नाही." "खरं सांगा." "दाबतंय, दुखत नाही." "दाबायलाच हवं तिथे." काकांनी भार टाकला. डावा हात दांड्यावरून उचलला. आरशात स्वतःकडे न बघता ते दाराच्या चौकटीकडे बघत राहिले, मग उजवाही उचलला, आणि दोन्ही हात समोर धरून तळवे उलटसुलट करून पाहिले. आई उठली नाही. तिने मान वळवून डोळे पुसले, आणि मग सॉकेट काढून कातडी पाहिली. तिला हवी होती तिथेच ती लाल होती.

महिना संपायच्या आत काका जिन्यावर गेले. काही दिवसांनी कार्यशाळेत आले तेव्हा कुबड्या नव्हत्या, पँटवर लाकडाचा भुगा होता, आणि दोन्ही हातांत कठड्याच्या वळणाचा एक तुकडा होता, आईला दाखवायला आणलेला. आईने आधी कातडी पाहिली, मग तुकडा.

"आता लिही," काका मला म्हणाले. "माझं नाव घाल. तुझं नको."

"दोन्ही घालते."

मी त्यांचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. ईमेल नव्हताच, तिथे कार्यशाळेचा दिला. राखणदारबाईंनी काही न विचारता ती ओळ जशीच्या तशी घेतली. नवी आवृत्ती बाहेर पडली त्या सकाळी मी काकांना संगणकासमोर बसवलं आणि तो बदल उघडून दाखवला. सगळ्यात खाली त्यांचं नाव होतं, आणि त्यापुढे मी कंसात घातलेला शब्द: सुतार.

ते पडद्याजवळ गेले. "हे कुठवर गेलं?"

मी सांगू लागले. फोन. दवाखान्यातली यंत्रं. बँका. हवामान मोजणारी केंद्रं. जहाजं. काही उपग्रहही. सगळीकडे आज ना उद्या, आपापल्या वेळेने. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला.

"आणि त्यातल्या कुणालाही म्हटलं उणे एक सेकंद थांब..."

"थांबेल."

काकांनी बोट पडद्याला न लावता हवेतच आपल्या नावावरून फिरवलं.

"मी यातलं अक्षरही वाचलेलं नाही," ते म्हणाले. "त्यांना माहीत आहे ना ते?"

"माहीत आहे."

"आणि तरी ठेवलं," ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले.